पितरपाटातला सेल

सेल लागायच्या आदल्या दिवशी काकू आमच्या दुकानात यायच्या आणि काहीही न घेता परत जायच्या. तो त्यांचा नेमच होता. आम्ही पोरी मांडणीवरच्या साड्या उतरवत असायचो, मालक शिडीवरच्या माणसाला फलक सरळ लाव म्हणून ओरडत असायचे, आणि त्या धांदलीत काकू चपला दाराशी काढून थेट आत शिरायच्या. एकेका साडीवरून हात फिरवायचा, टोकाला टाचलेली किमतीची चिठ्ठी उलटून बघायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि पुढच्या साडीकडे वळायचं. एकदा मालक वैतागले.

"काकू, नेमकं काय पाहिजे तुम्हाला?"

"काई नको भैया. तोंडवळख करून राहिले. उद्या ह्यांच्या अंगावर नवी चिठ्ठी असंल, मंग मला वळखू येणार न्हाईत."

मालकांची पन्नाशी उलटलेली, तरी काकू त्यांना भैया म्हणायच्या. ते अर्ध्या चड्डीत दुकानात लपाछपी खेळायचे तेव्हापासून त्या त्यांना बघत आल्या होत्या. मालक शिडीवरच्या माणसावर आणखी जोरात ओरडले. त्या वर्षी चिठ्ठ्या बदलायचं मात्र राहूनच गेलं.

हे दुकान नांदेडचं, वजिराबादच्या एका गल्लीतलं, मालकांच्या आजोबांनी काढलेलं. मी बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून दुकान, असा माझा दिवस. गावी वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते. त्यांनी मला पाठवताना एकच अट घातली होती: आपला खर्च आपण भागवायचा, आणि दुकानानं घरी बसवलं तर शिक्षणाचं नाव काढायचं नाही, सरळ गावी यायचं. गावी गेलं की पुढं काय, ते माझ्या थोरल्या बहिणीकडे बघून मला माहीत होतं. तिचं लग्न बारावीच्या निकालाआधीच लागलं होतं.

सेलच्या दिवशी काकू सकाळी कधी यायच्या नाहीत. दुपारची जेवणं झाली, बाहेर ऊन रटरटायला लागलं आणि दुकान जरा पेंगुळलं की त्या उगवायच्या. मी नवीन असताना त्या पहिल्यांदा माझ्या वाट्याला आल्या. पिशवीतून त्यांनी रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीत त्याचं टोक बुडवलं आणि एका राणी रंगाच्या साडीचा पदर धरून माझ्याकडे बघितलं.

"हिचा रंग जातो का गं?"

"जातो काकू. पहिल्या धुण्याला लई जातो."

शेजारचे जुने सेल्समन माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी दुकानाला काडीच लावली. काकूंनी रुमाल न घासताच पिशवीत टाकला. साडी घेतली, वर मला विचारलं, "ऱ्हातीस कुठं?" मी तेव्हा एका खोलीत पाच जणींबरोबर दाटीवाटीने राहायचे. काकूंची वरची खोली रिकामी होती. त्यांनी भाडं विचारू दिलं नाही, आधी खोली बघ म्हणाल्या. अशी मी त्यांची भाडेकरू झाले. रंग गेल्यामुळे माणसाचं बरं होतं, हे माझ्या बाबतीत अक्षरशः घडलं.

दुकानात आम्हा पोरींना बसायची परवानगी नव्हती. काकू आल्या की पहिली गोष्ट म्हणायच्या, "पोरी, खाली बस. माझी मान दुखायली, मला वर बघवत न्हाई." मग मी गादीवर बसायचे, त्या समोर बसायच्या आणि निवांत अर्धा तास साड्या बघायच्या. मालकांना काही बोलता यायचं नाही, कारण गिऱ्हाइकाची मान दुखत होती. घरी हीच मान वर करून काकू माळ्यावरचे डबे शोधायच्या, शेजारच्या पोरांचे पतंग मोजायच्या आणि गच्चीच्या कठड्यावरून अख्ख्या गल्लीला हाका मारायच्या. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "पाय दुखणारी पोरगी हाताला लागंल ती साडी दाखवती. बसलेली पोरगी मागल्या कप्प्यातली काढती. माझ्याच फायद्याचं हाय ते."

त्यांना हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूनं कळलं होतं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, याच दुकानाच्या गादीवर उभं आयुष्य बसलेले, मालकांच्या वडिलांच्या काळापासून. मी राहायला गेले तेव्हा ते नव्हते, भिंतीवर फोटो होता. फोटोतसुद्धा त्यांच्या खांद्यावर मोजायची पट्टी लोंबत होती. दिवसभर दुकानात जे घडायचं ते काका जेवताना सांगायचे आणि काकू ते वाढता वाढता साठवायच्या. कोणता माल कुठल्या कप्प्यात मुरतो, सेलमध्ये दर्शनी ढिगात काय ठेवतात आणि मागे काय राहतं, मालक कोणत्या दिवशी खुशीत असतो, हे सगळं त्यांना पाठ होतं.

आणि ते सगळं त्या कुणालाही फुकट सांगायच्या. भाजीवालीला, बँकेतल्या वहिनींना, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. सेलला जाताना पोटभर जेवून जायचं, कारण उपाशी बाई पहिलीच साडी घेऊन मोकळी होते. आवडलेल्या साडीला हात लावायचा नाही. तिच्या शेजारची धरायची आणि आवडलेलीचा भाव सहज विचारल्यासारखा विचारायचा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच साड्या देखण्या, म्हणून घ्यायच्या आधी दारात नेऊन उन्हात बघायची. पूर्ण उलगडल्याशिवाय घ्यायची नाही, कारण सेलमधली साडी मधेच संपते. स्वेटर होळीनंतर घ्यायचा. लेकराचे कपडे आजच्या लेकराच्या मापाचे घ्यायचे नाहीत, पुढच्या वर्षीच्या लेकराच्या मापाचे घ्यायचे. सेलच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी जायचं, तेव्हा मालकाला माल नको असतो, जागा हवी असते.

दोनावर एक फुकट, या पाटीवर त्यांचा विशेष राग. अशी पाटी वाचून कुणी बाई हरखली की काकू तिला कोपऱ्यात घ्यायच्या.

"तिसरी कोण नेसणार ते आधी सांग."

"बघू की, कुणाला तरी देता येईल..."

"म्हंजी ठरलं न्हाई. मंग पहिल्या दोन बी तुझ्या न्हाईत माय. ठीव खाली."

असं त्यांनी आमच्याच दुकानातून किती बायकांना रिकाम्या हातानं परत पाठवलं असेल! मालक गल्ल्यावर बसून दात-ओठ खायचे. पण गंमत अशी की त्याच बायका पुढच्या खेपेला आमच्याच दुकानात यायच्या आणि आल्या आल्या काकू आल्यात का म्हणून विचारायच्या.

काकूंचा कुणी पराभव केलाच नाही असं नाही. भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही दोघी लातूरला गेलो होतो. तिथं नवं चार मजली शोरूम उघडलेलं, गारेगार, आत मंद गाणी. काकूंनी आत पाऊल टाकताना मला बजावलं, "घाबरू नको, माल सगळीकडं सारखाच." एका शर्टाची घडी उलगडून त्यांनी मला घडीवरची पांढुरकी रेघ दाखवली. "अशी रेघ दिसली की समजायचं हे गुदस्तापास्नं हितंच झोपलंय." शिवण उलटी करून बघितली, काजात बोट घालून बघितलं, नाक मुरडलं. मी मनातल्या मनात धडे गिरवत होते. आणि बाहेर पडलो तेव्हा त्यांच्या हातात त्या दुकानाची कागदी पिशवी, तिच्यात दोनावर एक फुकट मिळालेले तीन शर्ट!

"काकू, तिसरा कोण घालणार?" मी संधी सोडली नाही.

"गप बस."

बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घरी मी पिशवी उघडली तर तिन्ही शर्ट एकाच मापाचे, आणि ते माप भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाचं होतं. पुढे ते शर्ट शेजारच्या आपांच्या मुलाच्या अंगावर दिसले. त्याला ते ढगळ व्हायचे. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आपा म्हणजे काकूंच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. सकाळपासून त्यांच्या मशीनचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि तो थांबला की काकू भिंतीवर लाटणं आपटून विचारायच्या, "आपा, च्या टाकू का?" तिकडून उत्तर यायचं, "हौ भाभी, अद्रक डालो."

माझं दुसरं वर्ष सुरू असताना गणपती उठले आणि मालकांनी आम्हा नव्या पोरींना गल्ल्यापाशी बोलावलं. पितृपंधरवड्यात कुणी नवं कापड घेत नाही, दुकानात माशा मारायला तेवढी माणसं कशाला, तेव्हा घटस्थापनेपर्यंत तुम्ही घरी बसा, बिनपगारी. जुन्या सेल्समनना त्याचं काही वाटलं नाही, दरवर्षीचंच होतं. आदल्या वर्षी मी पितरपाट संपल्यावर लागलेली, त्यामुळे मला हे माहीतच नव्हतं. मी चालत घरी आले. वडिलांची अट मला तोंडपाठ होती. घरी बसवलं की गावी जायचं, आणि गावाहून परत यायचं नसतं.

काकू वाळलेले कपडे काढत होत्या. मी सांगितलं आणि तिथंच पायरीवर बसून रडले. त्यांनी एक टॉवेल घेतला, त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"हे बी असंच करायचे," त्या म्हणाल्या. "पितरपाटात ह्यांना बी घरी बसवायचे थोरले मालक. हाताला काम न्हाई. मंग घरातली समदी धुणी काढून बसायचे अन् दुकानातल्यावानी घड्या घालायचे. माझी जुनेरी सुदिक. मी म्हणायची, अवो, कोण घेणार हाय ती? तर म्हणायचे, हात इसरतील." त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "डोळे पूस. उद्या भैयाकडं जाते मी."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबरच दुकानात आल्या. चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा साड्यांकडे न बघता गल्ल्यापाशी गेल्या.

"भैया, पितरपाटात सेल लाव."

मालक हसले. "काकू, पितरपाटात कुत्रं फिरकत नाही दुकानात."

"नवरात्रात बायांना नऊ दिवसाच्या नऊ रंगाच्या साड्या लागत्यात. माहूरला जाणाऱ्यांना येगळ्या. घटस्थापनेला समद्या एकदम येत्यात अन् तुझं दुकान अपुरं पडतंय. त्याच साड्या आत्ता कमी भावात दे. गिऱ्हाईक मी आणते. पोरींना ठीव."

"आणि नाही आलं गिऱ्हाईक?"

"ज्या दिशी येणार न्हाई, त्या दिशी पोरींना घरी धाड."

मालक व्यापारी माणूस. त्यांनी विचार केला आणि वरून आपली एक अट घातली. पितरपाटातला माल म्हणून बायका घरी गेल्यावर घाबरतात आणि परत आणतात, हा त्यांचा अनुभव होता. "माल परत आला काकू, तर या पोरी घटस्थापनेलाही परत येणार नाहीत. मी दुसऱ्या बघेन." काकूंनी माझ्याकडे न बघता मान डोलावली. मला वाटलं, ही बाई माझं नशीब कुणाच्या भरवशावर पणाला लावतेय?

भरवसा होता आपांचा. त्या संध्याकाळी काकूंनी गल्लीतल्या बायकांना ओट्यावर गोळा केलं आणि युक्ती सांगितली. पितरपाटात नवं कापड घरात आणायचं नसतं ना? नका आणू. दुकानातून थेट आपांच्या घरी ठेवा. त्यांना पितरपाट नाही. तोवर त्या फॉल-पिको करतील, ब्लाउज शिवतील, आणि घटस्थापनेला तयार साडी उचलून आणा. तुमचे पितर तुमच्या घरी येतात, आपांच्या घरी बघायला कशाला जातील?

बायका आपांकडे बघायला लागल्या.

"रखो ना," आपा म्हणाल्या. "मेरी मशीन भी तो इन दिनों खालीच रहती. पलंग के नीचे जगा है, ऊपर जगा है. बस खाने का कुछ मत रखो, चूहे आते."

हसण्यात सगळं ठरलं. आणि पितरपाट सुरू झाला तो असा की दुकानातले जुने सेल्समन तोंडात बोट घालून बघत राहिले. दुपारी काकू पाच-सहा जणींना घेऊन यायच्या. हिला केशरी, तिला मोरपंखी, बघा उन्हात, उलगडा पूर्ण. गर्दी नसल्यामुळे आम्हीही एकेकीला मन लावून दाखवायचो. मागल्या कप्प्यातला माल निघाला. बायका बसून, बोलून, चहा पिऊन साड्या घ्यायच्या, नवरात्राच्या धक्काबुक्कीत त्यांना असं कधी मिळालं नव्हतं. पिशव्या आपांच्या घरी जायच्या. प्रत्येकीच्या पिशवीला तिच्या ब्लाउजच्या कापडाची चिंधी बांधलेली, म्हणजे ओळखू यायची. आपांच्या पलंगाखाली, कपाटावर, शिवणयंत्राच्या मागे पिशव्याच पिशव्या झाल्या. आपांचा मुलगा म्हणायचा, आमच्या घरात आता आम्हीच पाहुणे.

पंधरवडा अर्ध्यावर आला आणि बँकेतल्या वहिनींच्या सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, मुका मार बसला. पण म्हातारीनं पडल्या पडल्या सुनेला विचारलं, "काय आणलंस गं पितरपाटात?" वहिनींनी सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. कुणाच्या पोराला ताप होता, तो साडीमुळे. कुणाचं दूध नासलं, ते साडीमुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी आपांच्या दारात चार बायका उभ्या, आमच्या पिशव्या द्या, दुकानात परत करायच्यात.

मी वरून बघत होते. काकू न्हाणीतून आल्या, काय झालं ते ऐकलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या त्या करकरीत नवी साडी नेसून. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पितरपाटात, अंगावर, भर सकाळी! आपांच्या दारातल्या बायका दोन पावलं मागे सरल्या.

"ही कालच घेतलेली," काकू म्हणाल्या. "तुमच्या तर आपाच्या घरी हायत, मी अंगावर घेतली. आजपास्नं सर्वपित्रीपतोर रोज नवी नेसणार. पितर कोपले तर पयले कुणावर कोपतील? मला काई झालं तर खुशाल परत करा. तवर थांबा."

पिशव्या तिथंच ठेवून बायका गेल्या. काकू रोज नवी साडी नेसून गल्लीतून मुद्दाम सावकाश चालायला लागल्या, दळणाला, दुधाला, काही काम नसतानाही. अख्खी गल्ली त्यांच्या तब्येतीवर डोळा ठेवून होती. त्या एकदा नुसत्या शिंकल्या, तर समोरच्या खिडकीत दोन डोकी आली.

त्यांना भीती वाटत नव्हती असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मी रोज सकाळी जिन्यावरून ऐकायचे. नवी साडी नेसायच्या आधी त्या काकांच्या फोटोपुढे उभ्या राहायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "बघा हं. पोरीचं शिक्षण हाय. तुमच्या आई-दादांना समजावून सांगा." त्या सगळं मानायच्या, त्यांच्या सासूनं शिकवलेला एकही नेम त्यांनी कधी मोडलेला नव्हता. तरी त्या नेसायच्या आणि हसत दार उघडायच्या. माझ्यासाठी माझ्या घरच्यांनीही एवढं केलं नव्हतं, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

सर्वपित्री अमावास्या उजाडली. काकू काकांचं पान याच दिवशी वाढायच्या. पहाटेपासून स्वयंपाक, खीर, कढी, वडे, गवारीची भाजी. दुपारी त्या नवी जांभळी साडी नेसून पान घेऊन गच्चीवर आल्या. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर बायका उभ्या. आपापली पानं ठेवायला आलेल्या म्हणायचं, पण सगळ्यांचे डोळे आमच्या कठड्याकडे. वहिनींच्या सासूबाईंना खुर्चीत बसवून वर आणलेलं. काकूंच्या पानाला कावळा शिवला तर काका तृप्त, पितर खूश, साड्या राहिल्या. नाही शिवला तर घटस्थापनेची वाट न बघता आज संध्याकाळीच सगळ्या पिशव्या दुकानात जाणार होत्या. दुकान त्या दिवशी बायकांनी भरलेलं होतं. जेवायच्या सुट्टीत मी धावत घरी आले होते.

काकूंनी पान ठेवलं, हात जोडले, मागे सरल्या. शेजारच्या गच्चीवर कावळे आले, तिथलं पान उडवलं. पलीकडच्या गच्चीवर आले. आमच्या कठड्यावर एक बसला, वड्याकडे तिरकं बघितलं आणि उडून गेला. पुन्हा एक आला, पुन्हा गेला. गच्च्यांवर कुजबुज सुरू झाली. काकूंनी पुन्हा हात जोडले. बराच वेळ गेला, ऊन डोक्यावरून कलायला लागलं. खिरीवर साय धरली.

"शिवना," सासूबाई खुर्चीतून मोठ्यानं म्हणाल्या. "मी सांगत व्हते. शिवना बघा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले होते आणि मला वाटलं, संपलं.

"पोरी, दुकानात गर्दी हाय का गं आज?"

"हाय काकू. पाय ठेवायला जागा न्हाई."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि गच्च्यांकडे वळल्या. "मंग कसे येतील? अवो, गिऱ्हाईक सोडून हे कधी येळंवर जेवायला आलेत का? उभा जलम मी ताट झाकून बसले. गर्दी हटल्याबिगर गादीवरनं उठलेच न्हाईत कधी. आज तर पितरपाटात दुकान भरलंय. त्यांनी हे कधी बघितलंच न्हवतं. ते तिथंच असतील." त्यांनी वाकून पानावर दुसरं पान झाकलं. "गिऱ्हाईक सुटल्यावर येतील."

मग सासूबाई खुर्चीत जरा पुढे सरल्या.

"माझ्या लग्नाचा शालू त्यांनीच दाखवला व्हता," त्या म्हणाल्या. "सांज झाली तरी एकामागं एक उलगडत व्हते. माझी आई म्हणाली, अवो, जेवून या तुम्ही. तर म्हणाले, आधी नवरीचं होऊ द्या." त्या सुनेकडे वळल्या. "चल, मला खाली ने. अन् पिशवी राहू दे आपाकडं."

एकेक करून गच्च्या रिकाम्या झाल्या. मी धावतच दुकानात परत गेले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून बायका संपता संपत नव्हत्या. मालक येरझाऱ्या घालत एकेका गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत होते, पण परत आलेली पिशवी एकही नव्हती. शेवटी त्यांनी आम्हा पोरींना हाक मारली आणि म्हणाले, उद्या सकाळी लवकर या.

दिवेलागणीला मी घरी पोचले. स्वयंपाकघरात काकू जांभळ्या साडीतच बसल्या होत्या. पान गच्चीवरून खाली आणलेलं, तसंच झाकलेलं. घरच्या माणसाचा घास पोचल्याशिवाय त्या दिवशी त्या जेवत नसत, म्हणजे सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं.

"सुटलं गिऱ्हाईक?" त्यांनी विचारलं.

"सुटलं काकू. आत्ताच शटर पडलं."

"परत कोण आलं?"

"कुणी न्हाई."

त्या उठल्या. झाकलेलं पान उघडलं, कढी गरम करायला ठेवली, माझ्यासाठी पाट मांडला आणि ते पान माझ्यापुढे ठेवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "दुकानातनं दमून आलीस. हात धू अन् जेव."

मी हात धुतले आणि जेवायला बसले.